वळणाआधीचा ब्रेक

चिंचघाट, ता. बाभुळगाव
२७ ऑगस्ट २००६

चि. धम्मरत्न,

जयभीम.

पत्र वाचून तू हसशील. तुझ्या नलूताईले बेचाळिसाव्या वर्षी मोटरसायकल शिकायची आहे. तू पुण्याले गेला तेव्हा तुझी गाडी माझ्या दाराशी ठेवून गेला. तेव्हापासून सहा वर्षं मीच चालवून राह्यली. उपकेंद्राची पाच गावं, दोन तांडे, लशीचा डबा, गरोदर बाया, सगळं त्याच गाडीवर. पण गाडी चालवता येणं वेगळं अन् नीट चालवता येणं वेगळं, हे मले यंदा समजलं.

या महिन्यात पडली. भोजूनाईक तांड्याकडून बाभुळगावले जाताना नाल्याच्या अलीकडे वळण आहे, तिथं. रस्त्यावर गिट्टी सांडलेली होती. फार काही झालं नाही. कोपर खरचटलं अन् पायदान वाकलं. तेव्हापासून मात्र ते वळण आलं की मी उतरते अन् गाडी ढकलत नेते. काल एका म्हाताऱ्यानं विचारलं, "बाई, पेट्रोल सरलं काय?" मी हो म्हणून टाकलं.

फवारणीचे दिवस आहेत. रोज दोघं-तिघं येतात. कोणाचे डोळे चुरचुरतात, कोणाले मळमळते, कोणाचं डोकं गरगरते. कापसाचं नवीन बियाणं आलं तेव्हा लोकायले सांगतलं होतं की आता फवारा कमी लागेल. कुठं कमी झाला? आरोग्य केंद्रात डॉक्टरची जागा रिकामीच आहे. पोळा आला अन् गेला, मले पत्ता नाही. लय थकली मी.

तू तिथं ट्रॅकवर पोलिसायले गाडी शिकवतो. वळणावर तुम्ही काय करता ते मले लिहून पाठव. फोन नको करू. फोन सरपंचाच्या ओसरीत आहे अन् ओसरीत कायम चार माणसं बसून राहतात.

तुझे भाऊजी शनिवारी दारव्ह्याच्या शाळेतून येतात अन् एकच म्हणतात, गाडी विकून टाक. तू तसं लिहू नको.

तुझी
नलूताई


पुणे
५ सप्टेंबर २००६

प्रिय ताई,

जयभीम. हसलो नाही. म्हणजे थोडा हसलो. पेट्रोलवाल्या म्हाताऱ्याला हसलो.

तू घाबरली आहेस, एवढंच झालंय. पडल्यावर सगळेच घाबरतात. इथे सहा फुटी पोलीस येतात, एकदा घसरले की दुसऱ्या दिवशी पोटात दुखतं म्हणून सांगतात. मी रोज ट्रॅकवर तीस राऊंड मारतो, भीती तशीच उडते. चालवत राहायचं.

आता शिकवणी. पहिली गोष्ट, वळणात ब्रेक नाही. जो काही वेग कमी करायचा तो वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना. आमच्या ट्रॅकवर प्रत्येक वळणाआधी एक पांढरी पाटी आहे. पाटी आली की ब्रेक, मग ब्रेक सोडायचा, मग वळायचं. तुझ्या वळणाआधी एखादं झाड बघून ठेव. तीच तुझी पाटी.

दुसरी गोष्ट, पुढचा ब्रेक. गाडी थांबवायचं खरं काम तोच करतो. झटका द्यायचा नाही, ओला कपडा पिळतो तसा हळूहळू आवळायचा. नुसता मागचा दाबलास तर गिट्टीवर चाक अडकतं आणि गाडी बाजूला निघून जाते.

तिसरी गोष्ट, डोळे. जिथे जायचंय तिथे बघायचं. खड्ड्याकडे बघितलं की गाडी खड्ड्यातच जाते. आम्ही पहिल्या दिवशी वेग शिकवत नाही, नुसतं बघायला शिकवतो. आणि गुडघ्यांनी टाकी घट्ट धर, हात मात्र सैल ठेव.

मोकळं पटांगण शोध आणि दोन आठवडे रोज अर्धा तास कर. भाऊजींना सांग, गाडी विकायची नाही, माझी आहे.

तुझा
धम्मा


चिंचघाट
२२ सप्टेंबर २००६

चि. धम्मा,

पटांगण सापडलं. फाट्यावरच्या जिनिंगचं. कापूस यायले अजून वेळ आहे, सगळं आवार रिकामं पडलं आहे. चौकीदार शंकरसिंग बाजेवर बसून राहतो. त्याले विचारलं तर म्हणे, "बाई, कापूस येईपर्यंत आवार तुमचंच." सलाईनच्या रिकाम्या बाटल्यांत माती भरून मी त्या ओळीनं मांडते अन् त्यांच्यामधून गाडी काढते. पहिल्या दिवशी नऊ पाडल्या. आता एखादी पडते.

पुढच्या ब्रेकचं वाचून मी चमकली. तू जाताना किल्ली देऊन म्हणला होता, ताई, पुढच्या ब्रेकले हात लावू नको, उलटशील. सहा वर्षं नाही लावला. आता लावते. तू म्हणतं तसंच आहे, गाडी थांबते.

एकटी असली की जमून राह्यलं. पण मागं माणूस असलं तर? वजन मागून पुढं येते, तेव्हा काय करायचं? अन् ज्याले धरता येत नाही असा माणूस मागं असला तर? हात-पाय ढिले पडलेला. त्याले कसं बसवायचं? बांधून घेतलं तर चालते काय? हे मले नीट लिही. बाकी नाही लिहिलं तरी चालेल.

नलूताई


पुणे
२८ सप्टेंबर २००६

ताई,

घाईत लिहितोय. यंदा धम्मदीक्षेला पन्नास वर्षं होतात, पण मला नागपूरला यायला सुट्टी नाही. तू जाशील तेव्हा माझ्याही वाटची मेणबत्ती लाव.

मागे माणूस असेल तर ब्रेक आणखी आधी आणि आणखी हलका. गिअरही आधीच खाली आणायचा. मागच्याने गुडघे तुझ्या कमरेला टेकवून बसायचं, म्हणजे तो पुढे आदळत नाही.

ज्याला धरता येत नाही त्याला मोटरसायकलवर घेऊच नये. जीप बघावी. नाइलाजच असेल तर त्याच्या मागे तिसरा माणूस बसवावा. बांधायचं तर कधीच नाही. गाडी पडली तर दोघंही अडकतात, उठताच येत नाही.

पण ताई, असा माणूस कोण? तू पडलीस तेव्हा मागे कोणी होतं काय? काय लपवून राह्यली तू?

धम्मा


चिंचघाट
१५ ऑक्टोबर २००६

चि. धम्मा,

नागपूरले जाऊन आली. गर्दीत उभी होती, मेणबत्ती लावली, पण मन तिथं नव्हतं. तुझं पत्र पिशवीतच होतं. आता लिहिते.

तांड्यात मानीबाईची सून होती विमल. तिशीचीही नव्हती. तिचा नवरा गुलाबसिंग वणीले कोळशाच्या ट्रकवर असते, महिन्यातून एकदा घरी येते. वावर विमलच पाहे. नऊ ऑगस्टले ती सकाळपासून एकटीच फवारत होती. पंप पाठीवर गळत होता. मी तांड्यात लशी द्यायले गेलती तेव्हा मानीबाई धावत आली. विमलले वावराच्या धुऱ्यावर आणून निजवलं होतं. तोंडातून लाळ, घामानं चिंब, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या. फवाऱ्याचं औषध अंगात भिनलं होतं. माझ्याजवळ त्यावरचं इंजेक्शन नव्हतं. अंग धुतलं, लुगडं बदललं. जीप सकाळीच निघून गेलती, सगळे वावरात. मानीबाईचे गुडघे गेलेले, तिले मागं बसता येईना. ती म्हणाली, "बाई, तूच ने वो." अन् तिनं आपली ओढणी सोडून विमलले माझ्या कमरेशी बांधलं. मी बांधू देलं.

रस्ताभर विमलची मान माझ्या पाठीवर आदळत होती. "याडी, याडी" करत होती. मले समजेना, ती आईले हाक मारून राह्यली की सासूले. मी गाडी पळवली. नाल्याचं वळण आलं तशी ती एका बाजूले कलली. मी घाबरून पाय दाबला. मागचा ब्रेक. चाक गिट्टीवर फिरलं अन् आम्ही दोघी खाली.

तिचा पाय गाडीखाली अन् ती मले बांधलेली. गाठ सुटेना. तू लिहिलं ते खरं आहे, उठताच येत नाही. मागून एक बैलबंडीवाला आला, त्यानं विळ्यानं ओढणी कापली. मग बंडीवाल्यानं तिले मागून धरलं अन् आम्ही बाभुळगाव गाठलं. तिथून दवाखान्याच्या गाडीनं यवतमाळ. पडल्यापासून पुन्हा गाडी सुरू होईपर्यंत वीस मिनिटं गेली. विमल अकरा तारखेले गेली.

दवाखान्यातल्या डॉक्टरनं सांगतलं, पडण्यानं काही झालं नाही, औषधच जास्त भिनलं होतं. मी विचारलं, वीस मिनिटं आधी आणलं असतं तर? तो म्हणाला, "सिस्टर, ते कोणालाच सांगता येणार नाही."

मानीबाईले मी सांगतलं, रस्त्यात वेळ झाला. एवढंच. पडली हे नाही सांगतलं. तुलेही नाही सांगतलं. बंडीवाला कोणत्या गावचा होता माहीत नाही. म्हणजे हे फक्त मले माहीत आहे अन् आता तुले.

विमलची एक पोरगी आहे, उर्वशी, पाच वर्षांची. दर लसीकरणाले ती माझ्या गाडीजवळ येऊन हॉर्न वाजवते.

नलूताई


पुणे
२३ ऑक्टोबर २००६

ताई,

दिवाळीसाठी ट्रॅक बंद आहे. तुझं पत्र चार वेळा वाचलं.

वीस मिनिटांचं मला काही सांगता येत नाही. डॉक्टरला आलं नाही, मला कुठून येणार. पण तू मागचाच ब्रेक का दाबलास ते सांगता येतं. कारण मी तुला तेवढाच शिकवला होता. किल्ली हातात दिली, पुढच्याला हात लावू नको म्हणालो आणि बसमध्ये बसलो. तेव्हा मलाही तेवढंच माहीत होतं. नंतर इथे सगळं शिकलो. सहा वर्षांत तुला एक पत्र लिहून सांगावं, असं एकदाही सुचलं नाही. या वीस मिनिटांत माझा वाटा आहे. तो मला दे. सगळं एकटी घेऊन बसू नको.

आणि मीही खोटं लिहिलं. तीस राऊंड वगैरे काही नाही. एप्रिलमध्ये मी ट्रॅकवर पडलो. उजवं मनगट मोडलं, घरी कोणाला कळवलं नाही. जूनमध्ये हाड जुळलं, डॉक्टर म्हणाले चालव. रोज गाडीवर बसतो, सुरू करतो, पहिला गिअर टाकतो आणि बंद करतो. आमचे मुख्य शिक्षक श्रीकृष्ण सर चांगले आहेत. त्यांनी माझ्या हातात झेंडा दिला आणि कडेला उभं केलं. तिथून मी ओरडतो, ब्रेक आधी, मान वर. पोलीस 'सर, सर' करतात. त्यांना वाटतं, हा किती भारी चालवत असेल.

तुला लिहिलं तेही असंच कडेला उभं राहून.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दोन दिवस ट्रॅक रिकामा आहे. सरांशी बोललोय. रजा टाक आणि ये. नाही म्हणू नको.

धम्मा


(पोस्टकार्ड)

चिंचघाट
३ नोव्हेंबर २००६

रजा मंजूर झाली. अठरा तारखेच्या सकाळी यवतमाळच्या गाडीनं उतरते. घ्यायले ये. बूट लागतात काय? माझ्याजवळ चपलाच आहेत.

नलूताई


पुणे
२६ नोव्हेंबर २००६

ताई,

नीट पोचलीस हे भाऊजींनी फोनवर सांगितलं. तू इथे होतीस, सगळं तुझ्यासमोरच झालं, तरी लिहितोय. कारण माझ्या बाजूने काय झालं ते तुला माहीत नाही.

पहिल्या दिवशी तू माझे बूट दोन मोजे घालून चढवलेस आणि ट्रॅकवर उतरलीस तेव्हा मला वाटलं होतं, हिला इथलं काही जमणार नाही. एवढा गुळगुळीत, रुंद रस्ता तू कधी पाहिला नव्हतास. तुझी नजर सारखी पुढच्या चाकावर. मी ओरडून ओरडून दमलो, "ताई, मान वर! चाक कुठं पळून नाही चाललं!" दुपारनंतर कधीतरी तुझी मान वर आली आणि गाडी एका रेषेत वळायला लागली. श्रीकृष्ण सर म्हणाले, "यांचा हात आमच्या पोलिसांपेक्षा हलका आहे."

दुसऱ्या दिवशी तू म्हणालीस, मागे वजन पाहिजे. सरांनी वाळूचं पोतं आणायला सांगितलं. तू म्हणालीस, "पोतं घाबरत नाही. माणूस पाहिजे." सरांनी माझ्याकडे बघितलं. सात महिन्यांत मी चालत्या मोटरसायकलवर बसलो नव्हतो, मागेसुद्धा नाही. कामावर बसने येतो. हे तुला सांगायला हवं होतं, नाही सांगितलं. बसलो.

तू मागे न बघता म्हणालीस, "हात सोड. मान टाक. गुडघे टेकवू नको. विमल बसली होती तसा बस."

मी हात सोडले. पहिलं वळण आलं तेव्हा डोळे मिटले. पाटीशी तू ब्रेक आवळलास, माझं हेल्मेट तुझ्या पाठीवर आपटलं, मग ब्रेक सुटला आणि गाडी कलली. मी सगळा डाव्या बाजूला ओघळलो. वाटलं, गेलो. पण तू पाय दाबला नाहीस. गाडी तशीच वळणाबाहेर निघाली. दुसऱ्या राऊंडला पुन्हा तसंच. पाचव्या राऊंडला मी डोळे उघडे ठेवले. अकरा राऊंड आपण मारले. उतरल्यावर तू गवतावर बसून रडलीस आणि मी पाणी आणायच्या निमित्ताने शेडमागे गेलो.

तू गेल्यावर सोमवारी मी एक राऊंड मारला. एखाद्या सायकलवाल्यानं मागे टाकावं इतक्या हळू. मंगळवारी पुन्हा जमलं नाही. बुधवारी दोन मारले. सरांनी झेंडा अजून काढून घेतलेला नाही.

बसमध्ये चढताना तू म्हणालीस, मानीबाईले सांगावं लागेल. मी म्हणालो, कशाला, तिला आणखी दुःख. आता वाटतं मी ते माझ्यासाठी म्हणालो. तुला जे पटेल ते कर.

धम्मा


चिंचघाट
२८ जानेवारी २००७

चि. धम्मा,

दोन महिने पत्र नाही म्हणून रागावू नको. कामाचं काय सांगू, डोळे उघडे ठेवून झोपते म्हणलं तरी चालेल.

मानीबाईले डिसेंबरात सांगतलं. ती अंगणात कापूस निवडत बसली होती. मी समोर बसली अन् सगळं सांगतलं. वळण, ब्रेक, ओढणी, वीस मिनिटं. तिचे हात थांबले नाही. मी थांबल्यावर म्हणाली, "रस्त्यात वेळ झाला, एवढं मले पुरत होतं. आता हे घेऊन मी काय करू?" ती आत गेली अन् दार लोटून घेतलं. त्यानंतर दोनदा तांड्यात गेली, दोन्ही वेळा ती लसीकरणाले आली नाही. पोरगीही आली नाही.

या बुधवारी पुन्हा तांड्यात होती. अकरा वाजले असतील. मानीबाई पोरीले कवेत घेऊन आली. यंदा भाव नाही म्हणून सगळ्यांनी कापूस घरातच भरून ठेवला आहे. पोरं त्याच ढिगावर खेळतात. उर्वशीले त्यात विंचू चावला. हात-पाय थंडगार, घाम, श्वास जोरात. लाल विंचवाचं लक्षण. ज्या गोळीनं काम होते ती बाभुळगावातच. जीप तीन वाजता.

मानीबाईनं माझ्याकडे पाह्यलं, मग गाडीकडे. मले बोलायचा हक्क नव्हता. तिनं एक हात माझ्या खांद्यावर ठेवला, दुसरीकडून एकानं गुडघ्याखाली हात देऊन तिले उचललं अन् ती चढली. पोरगी मधात.

मी म्हणलं, "मले धरू नको, पोरीले धर. गुडघे माझ्या कमरेले लाव."

"लावले," ती म्हणाली.

धम्मा, मी गाडी पळवली नाही. पळवावं असं फार वाटत होतं, पोरगी कण्हत होती. पण प्रत्येक वळणाआधी झाड पाह्यलं, ब्रेक आवळला, सोडला अन् मग वळली. नाल्याशी उतरली नाही. तिथं मानीबाईचे गुडघे माझ्या कमरेवर जास्त दाबले गेले. मले माहीत नाही, तिले जागा समजली होती काय.

वेळेत पोचलो. गोळी देली, सलाईन लावलं, रात्रभर ठेवलं, दुसऱ्या दिवशी पोरीनं भात मागतला. काल सुट्टी झाली. मी त्यायले आणायले गेली. गाडी दवाखान्यासमोर लावली अन् मानीबाईले म्हणलं, चल.

ती म्हणाली, "येताना पोरीसाठी बसली. जाताना कायले बसू?"

अन् पोरीले घेऊन काळीपिवळी जीपमध्ये बसली. मले वाईट वाटलं नाही असं नाही. पण ती खरं बोलली. मी तिच्या जागी असती तर मीही नसती बसली.

मी जीपच्या मागं मागं निघाली. पूर्ण रस्ता धूळ खात. मानीबाई मागच्या फळीवर होती, तोंड माझ्याकडे. पोरगी मांडीवर झोपली होती. ती माझ्याकडे पाहत होती की रस्त्याकडे, समजत नव्हतं. फाट्यावर जीप तांड्याच्या कच्च्या रस्त्याले वळली. नवीन गिट्टी टाकली आहे तिथं, सगळी मोकळी. जीप हादरली, तशी मानीबाईनं फळी सोडून एक हात बाहेर काढला अन् पंजा खालीवर करून मले दाखवलं, सावकाश, सावकाश.

मी वेग आधीच कमी केला होता. तरी तिच्यासाठी अजून थोडा केला.

नलूताई